गाईचं पान

मी जनावरांची माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकते. लोट्याला एका केमिकल कंपनीत पॅकिंगला आहे. पहाटे उठून कंपनीची बस पकडायची, पाळी संपली की खोलीवर येऊन पाठ टेकायची, असं माझं आयुष्य. साधं मांजर कधी पाळलं नाही. तरी घोड्याच्या पोटाविषयी आज मला जेवढं ठाऊक आहे तेवढं स्वतःच्या पोटाविषयी नाही, आणि त्याला कारण आमचे बाबा.

बाबांची सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात गेली. डोंगराच्या आत, मशिनच्या आवाजात. निवृत्त झाल्यावर आईला घेऊन ते गावी आले. वेळणेश्वराच्या किनाऱ्यावरून वर चढून आलं की सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी माळाच्या, कडेला आमची वाडी आहे. घरात बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, आधीपासून होतीच. ती ऐन तरुणपणी नवरा जाऊन माहेरी आली होती आणि तेव्हापासून हे घर तीच सांभाळत होती. आता तिघं मिळून सुखानं राहतील असं म्हणावं, तर वर्षभरातच आईला आतड्याचं दुखणं निघालं.

शेवटी शेवटी आईला पोटभर जेवण झेपायचंच नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोडं थोडं द्या, पण सारखं देत राहा. कधी दोन चमचे पेज, कधी वरणाचं पाणी, कधी कुस्करलेलं केळं. रांधायची आत्या, पण भरवायचे बाबाच. तो घास त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी भरवू दिला नाही. मी सुट्टीत गेले की म्हणायचे, "तू बस, तुझा हात घाईचा आहे." मला राग यायचा. पण खरंच होतं ते, माझा हात घाईचाच आहे.

आई गेली. सगळं दिवस-कार्य झालं, पाहुणे परत गेले, मीही कामावर रुजू झाले. मग एक दिवस आत्याचा फोन आला. "तुझा बापूस काय बोलत नाय गो. वेळ झाली की चुलीपाशी येतो, पेजेचं भांडं हातात घेतो नि तसाच उभा राहतो. मग ठेवून जातो." मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं, कारण खोलीत आणखी तिघी राहतात.

घोडी आली ती अशा वेळेला. किनाऱ्यावर एक म्हातारे चाचा पर्यटकांना घोडीवरून फेरी मारून आणायचे. मुलानं त्यांना आखातात आपल्याकडे बोलावून घेतलं, तेव्हा घोडीचं काय करायचं हा प्रश्न पडला. बाबा रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसायचे, तेवढीच दोघांची ओळख. आणि एका संध्याकाळी आमचे बाबा, ज्यांनी जन्मात कोंबडीसुद्धा घेतली नव्हती, ते दोरी धरून घोडी घेऊन घरी आले. आत्या म्हणते, तिला आधी वाटलं कुणाची वरातच दारात आली.

मी सुट्टीत जाऊन बघितलं तर काय, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या आणि पोट मात्र सुटलेलं. पर्यटकांनी दिलेलं सगळं तिनं खाल्लं होतं. बिस्किटं, भेळ, मक्याची कणसं, आणि वाळूत पडलेलं वेचून खाताना वाळूसुद्धा. मी बाबांना म्हटलं, "बाबा, हे काय घेऊन आलात? ही तर आजारी आहे." तर बाबा म्हणाले, "म्हणून तर आणली."

बस्स. मला तेव्हाच कळायला हवं ते कळलं.

त्यानंतर आमच्या घरी घोडीचं पोट हा एकच विषय. बाबांनी घाटावरच्या कुणा घोडेवाल्याचा नंबर मिळवला, त्याच्याशी तास तास बोलायचे. मग ते सगळं मला फोनवर ऐकवायचे. आई गेल्यापासून जो माणूस हूं की चूं करत नव्हता, तो बसमध्ये मी उभी असताना मला सांगत होता की घोड्याला ओकता येत नाही. आत गेलं ते गेलं. म्हणून जे जाईल ते बघून, निवडून, थोडं थोडं जायला हवं. पोट कधी रिकामं ठेवायचं नाही आणि एकदम कधी भरायचं नाही. नवीन काही द्यायचंच तर चिमटीनं सुरुवात करायची, मग आठवड्यांनी मुठीवर यायचं. दिवसभर सुकं गवत चघळत राहिली की पोट आपोआप ठीक चालतं. भात, पोळी, पीठ, गोडधोड तिच्यासाठी नव्हेच. "म्हणजे आईसारखंच," मी म्हटलं. बाबा म्हणाले, "हो. पण हिला बरं वाटतंय."

ते कसं कळतं म्हणून मी एकदा विचारलं, तर मला हाताला धरून गोठ्यात नेलं. घोडीच्या कुशीला कान लावून उभे राहिले. वीजघरात मशिनला लोखंडी सळई टेकवून, तिचं दुसरं टोक कानाला लावून आतला आवाज ऐकायची त्यांची जुनी सवय. "ऐक. बोलतंय," म्हणाले. मीही कान लावला. आत गुडगुड, सळसळ, मध्येच पाणी ओतल्यासारखा आवाज. मला हसू आलं. घोडीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि फुरफुरली.

आणि ती बरणी. आईची लोणच्याची काचेची बरणी बाबांनी पडवीत ठेवली, त्यात पाणी घेऊन घोडीची लीद विरघळवायचे आणि तळाला वाळू किती बसते ते बघायचे. आत्यानं त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. "आमच्या सोन्यासारख्या बरणीत घोडीचं शेण घालतोस? लाज कशी नाय वाटत रे तुला?" बाबा शांतपणे बरणी उजेडात धरून म्हणाले, "आक्का, बघ. कालच्यापेक्षा कमी हाय." पावसाळा तोंडावर आला तेव्हा तळाला वाळू बसेनाशी झाली. बाबांनी मला बरणीचा फोटो पाठवला. कंपनीत जेवणाच्या वेळेला मी तो उघडला नि शेजारचीनं डबा बाजूला सरकवला.

घोडीला ते 'बाय' म्हणायचे. मला कधी म्हटलं नाही हो. मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं, तर म्हणाले, "तू कधी मुकाट खाल्लंस?"

आत्याचं आणि घोडीचं वेगळंच प्रकरण होतं. आत्या जेवायला बसायच्या आधी गाईचा घास काढायची. लहानपणापासूनचा नेम. पण वाडीत आता गाय कुठे आहे? तरणी माणसं मुंबईला, म्हाताऱ्यांना गुरांमागे धावणं होईना, दूध पिशवीतून यायला लागलं, नांगराला पॉवर टिलर आला. एकेक करत सगळे गोठे रिकामे झाले. काही वर्षं आत्या तो घास गडग्यावर, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणावर, ठेवायची आणि कावळे न्यायचे. पण तिच्या मनाला ते पटत नव्हतं. "गाईच्या मुखात पडतं ते पोचतं," म्हणायची. दारात चार पायांचं जनावर आल्यावर तिनं पहिल्याच दिवशी भाकरी कुस्करून नेली. बाबांनी वाटेतच अडवली. भांडण झालं, अबोला झाला, शेवटी तोड निघाली. आत्यानं जेवायच्या आधी स्वतःच्या हातानं मूठभर गवत घोडीला द्यायचं, तोच घास. आत्या कुरकुरली, पण रोज देऊ लागली. पुढे पुढे तिच्या चपलेचा आवाज आला की घोडी मान बाहेर काढायची.

घोडी भरली. अंगावर तकाकी आली. बाबाही भरले. दुपारी आत्याबरोबर बसून जेवायला लागले, वाडीतल्या लोकांशी बोलायला लागले. लोक घोडी बघायला यायचे आणि बाबा त्यांना पोटाचा आवाज ऐकवायचे. मला वाटायचं, चला, हे मार्गी लागलं.

मग पितृपक्ष आला. आई सवाष्ण गेलेली, म्हणून तिचं पान अविधवा नवमीला. मी रजा टाकून आले होते. आत्यानं वडे केले, काळ्या वाटाण्याचं सांबार, भोपळ्याची भाजी, खीर, सगळं आईच्या आवडीचं. कावळ्याचं पान गडग्यावर ठेवलं. गाईचं पान वाढून आत्या उभी राहिली आणि बाबांकडे बघत राहिली. आजूबाजूच्या घरांतल्या बायका आल्या होत्या, त्याही बघत होत्या. आत्या एवढंच म्हणाली, "तिचा घास हाय रे. गवतानं नको भागवू आज."

बाबांनी पान घेतलं. गोठ्यापाशी गेले, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी बाजूला होते म्हणून मला दिसलं. त्यांनी चार शितं आणि वड्याचा नखाएवढा तुकडा घेतला, गवताच्या पेंडीत दडवला आणि तो तिला भरवला. बाकीचं पान घडी करून गोठ्याच्या काटक्यांच्या कुडाच्या आत ठेवलं. घोडीनं खाल्लं, त्यांनी तिच्या मानेवरून हात फिरवला आणि कपाळ तिच्या कपाळाला लावून तसेच उभे राहिले. मागे उभ्या असलेल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. त्यांना दिसलं ते इतकंच, की बाबांनी बायकोचं पान घोडीला दिलं आणि घोडीनं ते खाल्लं. चिमूटभर दिलं हे बाबांनी कुणाला सांगितलं नाही. आक्काचं मन मोडलं असतं.

सर्वपित्री अवसेला मी पुन्हा घरी होते. आदल्या दिवशी बाबांचा फोन आला होता की साठवलेल्या गवताला बुरशीचा वास येतोय, आणि बुरशी तिच्या पोटात जाऊन चालणार नाही. पावसातलं हिरवं गवत म्हणजे नुसतं पाणी, त्यावर भागत नाही. आतल्या एका गावात कुणाकडे गेल्या वर्षीचं सुकं गवत शिल्लक होतं. टेम्पो ठरवून सकाळीच आम्ही दोघं निघालो. आत्या कुरकुरली, "अवसेच्या दिवशी कुठे निघालाय?" बाबा म्हणाले, "दुपारपर्यंत येतो. पानं तू वाढ, मी आलो की हात जोडतो."

तो दिवस फार चांगला गेला, हे लिहिताना माझं मलाच वाईट वाटतं. बाबा एकेक पेंडी उघडून नाकाला लावत होते, गवतवाला वैतागला होता. येताना टेम्पोत पुढे बसून बाबा आईबद्दल बोलले. पोफळीच्या कॉलनीत नवीन असताना ती भात करपवायची आणि वास जावा म्हणून उदबत्ती लावायची, म्हणजे खोलीभर उदबत्तीचा आणि करपलेल्या भाताचा वास. आम्ही दोघंही हसलो. ती गेल्यापासून ते तिचं नाव काढून पहिल्यांदाच हसले होते. वाटेत टेम्पो बंद पडला, दुरुस्तीला वेळ लागला, घरी पोचायला उन्हं उतरली.

अंगणात पाय ठेवला तर गोठ्याच्या दारात केळीची पानं पडलेली. एक नाही, दोन नाहीत. चाटून पुसून साफ केलेली पानं, एकावर एक. आत्या पडवीत बसली होती. इतकी समाधानी मी तिला कधी बघितली नव्हती.

"सगळ्या वाडीची पानं आली रे," ती म्हणाली. "किती वरसांनी गाईचं पान कुणाच्या मुखी लागलं. खीर, वडे, भात, एक शीत टाकलान नाय बायनं. सगळ्यांची पितरं जेवली आज."

गणपतीला येऊन गेलेले चाकरमानी अवसेसाठी पुन्हा आले होते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक घर उघडं होतं. सर्वपित्री म्हणजे प्रत्येक घरात श्राद्ध, आणि प्रत्येक घरात गाईचं एक पान. नवमीला बघितलेलं बायकांनी एकमेकींना सांगितलं होतं. प्रत्येकीनं एकच पान आणलं. कुणीही जास्त काही केलं नव्हतं.

बाबांच्या हातात गवताची एक पेंडी होती, ती तशीच हातात राहिली. ते सरळ गोठ्यात गेले. घोडी पुढच्या पायानं जमीन उकरत होती आणि मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. अंगाला घाम सुटला होता. बाबांनी कुशीला कान लावला. एका बाजूला लावला, मग दुसऱ्या बाजूला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काहीच नाही."

गुहागरहून गुरांचे डॉक्टर आले. भला माणूस, अवसेचा दिवस असून लगेच आला. पण त्याची सगळी हयात गाई-म्हशींत गेलेली, तसं त्यानं आल्या आल्याच सांगितलं. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं, लोळू देऊ नका, चालवत राहा म्हणाला. जाताना त्यानं विचारलं, "आज वेगळं काय खाल्लं होतं?" आत्या दारात उभी होती. तिनं सांगायला तोंड उघडलं, आणि सांगता सांगता तिला समजलं. खीर म्हणाली, वडे म्हणाली, आणि वळून दारातली रिकामी पानं गोळा करायला लागली.

बाबांनी घोडीला सड्यावरच्या लाल वाटेनं चालवलं. मी बॅटरी घेऊन मागून. थांबायचे, कान लावायचे, पुन्हा चालवायचे. त्या रात्रीचं मी जास्त काही सांगणार नाही. उजाडायच्या सुमाराला ती गोठ्यासमोर बसली आणि मग आडवी झाली. बाबा तिच्या पोटाला कान लावून तसेच पडून राहिले. ती गेली हे मला कळलं होतं. त्यांना माझ्याआधी कळलं असणार, पण ते उठले नाहीत.

सकाळी वाडीतले बाप्ये आले, जेसीबी बोलावून आंब्याखाली खड्डा काढला. बायका लांब उभ्या होत्या. कुणीतरी विचारलं, "कशानं झालं ओ?" मी बाबांकडे बघितलं. माझ्या तोंडात सगळं आलं होतं, आणि माझं तोंड कसं आहे ते वाडीला माहीत आहे. बाबा म्हणाले, "वय झालं होतं तिचं." आणि त्यांनी स्वतः पहिली माती लोटली. आज वर्ष होत आलं, वाडीत अजून सगळे तेच सांगतात. बाबांनीच तसं ठरवलं म्हणून मीही ते मोडत नाही.

पण आत्याला माहीत होतं. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर तिनंच दिलं होतं ना. तिनं जेवण सोडलं. रुसून नव्हे. पानावर बसायची, पहिला घास बाजूला काढायची, आणि तो हातात घेऊन कुठे जायचं हे न समजून तशीच बसायची. मग पान सारून उठायची. मी ओरडले, समजावलं, तिच्या पायाशी बसून रडले. मला म्हणाली, "तू जा गो कामावर. माझा हातच फिरत नाय तोंडाकडे." रजा संपत आली होती. बाबा तर आईच्या वेळेसारखे मुके झाले होते. नव्या गवताच्या पेंड्या पडवीत तशाच रचलेल्या होत्या आणि सगळ्या घराला त्यांचा वास येत होता. खरं सांगते, ही दोघं आता या घरात एकेक करून संपणार असंच मला वाटलं.

निघायच्या दिवशी मी पिशवी भरत होते. चुलीपाशी भांड्याचा आवाज झाला. बघते तर बाबा. घोडीला दुपारचं गवत द्यायची ती वेळ. हातात पेजेचं भांडं. मला वाटलं, आता ठेवून जातील. पण त्यांनी तांदूळ धुतले, पेज केली, वाटीत काढली, फुंकर घालून निववली. पडवीत आत्याच्या समोर जाऊन बसले आणि चमचा तिच्या तोंडापुढे धरला.

"नको रे," आत्या म्हणाली.

"थोडंच हाय. एवढंच घे."

आत्यानं तोंड उघडलं नाही. बाबांनीही हात मागे घेतला नाही. मी दाराआड उभी होते. माझा हात असता तर केव्हाच थकला असता, नाहीतर मी चमचा आपटला असता. मग आत्या त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "इतक्या घरांचे घास. ते तरी पोचले असतील काय रे? का ती उगाच गेली?"

बाबांचा या कशावर विश्वास नाही. आईच्या दिवसांतही ते गुरुजींशी वाद घालत होते.

"पोचले," ते म्हणाले. "सगळे पोचले, आक्का. तिनं नेले."

आत्या रडायला लागली, आणि रडताना उघडलेल्या तोंडात बाबांनी अलगद चमचा घातला. ती गिळेपर्यंत थांबले. मग तिच्याच पदरानं तिची हनुवटी पुसली, वाटीत चमचा बुडवला आणि पुन्हा तिच्यासमोर धरून बसून राहिले.